बी समरी, सी समरी आणि खोट्या केसचा हिशेब

महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला, तपास झाला आणि दोषारोपपत्र पाठवण्याइतकं काही हाती लागलं नाही, तर तपासी अंमलदार कोर्टाकडे एक अहवाल पाठवतो. त्याला आपल्याकडे ‘समरी’ म्हणतात. मुंबई इलाखा गेला, हा शब्द राहिला. समरीचे तीन प्रकार आहेत. ए समरी म्हणजे गुन्हा घडलाय, पण करणारा सापडत नाही किंवा त्याच्याविरुद्ध पुरावा नाही. बी समरी म्हणजे फिर्याद खोटी, आणि तीही द्वेषाने, मुद्दाम दिलेली. सी समरी म्हणजे फिर्याद धड खरी म्हणता येत नाही, धड खोटीही नाही. गैरसमजातून दिलेली, किंवा मामला मुळात दिवाणी.

बायकांच्या खोट्या तक्रारींवर तावातावाने बोलणाऱ्याने, आणि ‘बाई कधी खोटं बोलत नाही’ म्हणणाऱ्यानेही, आधी ही तीन अक्षरं पाठ करावीत. कारण हा सगळा वाद ए, बी आणि सी एकाच पोत्यात भरून चालतो. कोर्टातून जो सुटला त्याची भर त्याच पोत्यात, समझोता झाला त्याची भरही त्यातच, आणि मग पोत्यावर चिठ्ठी लागते: ‘खोट्या केसेस’. पोलिसांनासुद्धा जे वेगवेगळं लिहावं लागतं, ते आपण एका श्वासात उडवून देतो.

सगळ्यात जास्त धुरळा ज्या कलमाभोवती उडतो ते म्हणजे ४९८अ. नवरा किंवा त्याचे नातेवाईक विवाहितेचा छळ करत असतील, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हे कलम १९८३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत आलं. हुंड्यासाठी सुना जाळल्याच्या बातम्या तेव्हा रोजच्या झाल्या होत्या आणि घरातल्या छळाला कायद्यात नावच नव्हतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हाच मजकूर कलम ८५ आणि ८६ मध्ये गेला. लोकांच्या तोंडी मात्र ‘फोर नाइन्टी एट’च आहे, आणि आणखी वीस वर्षं तेच राहील.

या कलमाचे तीन गुण, किंवा तीन काटे, समजून घ्यायला हवेत. ते दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन ठाण्यात मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो. आणि, अपवाद सोडले तर, ते आपसांत मिटवता येत नाही. पहिले दोन काटे आरोपीला टोचतात. तिसरा काटा आकडेवारीला टोचतो, आणि त्याकडे कोणी बघत नाही.

आधी पहिले दोन. २ जुलै २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अर्नेशकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात निकाल दिला. त्यात २०१२ चे आकडे आहेत: या कलमाखाली वर्षभरात १,९७,७६२ जणांना अटक. त्यात ४७,९५१ स्त्रिया. जवळजवळ चौथा हिस्सा! सासू, नणंद, जाऊ, कधी लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदणारी नणंदसुद्धा. ‘बायका विरुद्ध पुरुष’ असा सामना लावून बसलेल्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. दोषारोपपत्र दाखल होण्याचं प्रमाण ९३.६ टक्के, आणि शिक्षा होण्याचं १५ टक्के.

न्यायालयाने कलमावर बोट ठेवलं, पण उपाय पोलिसांच्या अटकेवर केला. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नाही. ती का गरजेची आहे हे लेखी कारणांनिशी सांगायचं. नाहीतर आरोपीला हजर राहण्याची नोटीस द्यायची. ही नोटीस पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४१अ कलमाखाली यायची, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) खाली येते. शब्द कोरडे आहेत, पण त्याचा अर्थ असा, की सत्तर वर्षांच्या सासूला शुक्रवारी संध्याकाळी उचलून सोमवारपर्यंत कोठडीत ठेवणं हा तपास नव्हे. शुक्रवारच का? शनिवार-रविवार नेहमीची कोर्टं बंद असतात, हे कोर्टकचेरी केलेल्यांना सांगायला नको.

माणसाला मोडतात ते अटक आणि तारखा. निकाल लागेपर्यंत नोकरी, पासपोर्ट, बहिणीचं लग्न, सगळं अडकून पडलेलं असतं. निर्दोष सुटल्याचा कागद हातात येतो तेव्हा त्याचं करायचं काय, हा प्रश्न उरतो.

आता तिसरा काटा. केस मिटवता येत नाही म्हणजे नवराबायकोंनी ठरवलं तरी ती सरळ मागे घेता येत नाही. पण माणसं मिटवतातच. कौटुंबिक न्यायालयात संमतीने घटस्फोट ठरतो, कन्सेंट टर्म्स, म्हणजे संमतीच्या अटी, लिहिल्या जातात: पोटगीची एकरकमी रक्कम इतकी, स्त्रीधन परत, मुलाचा ताबा असा, आणि शेवटच्या कलमात ‘फौजदारी केस चालवणार नाही’. ते अमलात यायचे दोन रस्ते. एक, दोघांनी मिळून उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यायचा. याला वकील ‘क्वॉशिंग’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही वाट मोकळी केली. दुसरा रस्ता स्वस्तातला: साक्षीच्या तारखेला बाई पिंजऱ्यात उभी राहते आणि म्हणते, मला काही आठवत नाही, आमचं मिटलंय. सरकारी वकील तिला फितूर जाहीर करतात, दहा मिनिटं उलटतपासाचा उपचार होतो आणि आरोपी पुराव्याअभावी निर्दोष.

ही केस आकडेवारीत कुठे गेली? ‘निर्दोष मुक्तता’ या रकान्यात. तिथून भाषणात कुठे गेली? ‘खोट्या केसेस’च्या पोत्यात. मारहाण खरी असेल, नसेल. ते कोणी तपासलंच नाही. १५ टक्क्यांच्या त्या आकड्यात अशा किती जणी आहेत, हे तो आकडा सांगत नाही. त्यामुळे ‘८५ टक्के खोट्या’ हे वाक्य गणितातच नापास होतं. उरलेल्या सगळ्या जणी खऱ्या होत्या, हेही त्यावरून सिद्ध होत नाही, हे तितक्याच मोठ्याने म्हणायला हवं.

आणि केस घटस्फोटाच्या वाटाघाटीत वजन म्हणून ठेवली जाते, हे तर उघड आहे. कधी ते वजन पैसे उकळायला वापरतात. कधी ज्या बाईला पोटगी आणि दागिने कोर्टातून मिळायला दहा वर्षं लागली असती, तिच्या हातातली ती एकमेव काठी असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणूनच मला हा विषय ओरडून बोलण्याचा वाटत नाही.

फिर्यादीची भाषा हा वेगळाच दुखरा भाग आहे. ‘माहेरून चारचाकी घेण्यासाठी पाच लाख रुपये आणावेत म्हणून शिवीगाळ, दमदाटी, मारहाण करून, उपाशीपोटी ठेवून शारीरिक व मानसिक छळ केला.’ हे वाक्य तुम्ही जिल्हा आवृत्तीत शंभरदा वाचलं असेल. बदलते ती फक्त रक्कम. बाई सांगते एक, लिहिणारा साच्यातून काढतो दुसरं, आणि नावांच्या यादीत सासरचं अख्खं रेशनकार्ड येतं. कधी वकील सांगतो, सगळ्यांची नावं टाका म्हणजे ते लवकर जमिनीवर येतील. मग उच्च न्यायालयात पहिला मुद्दा निघतो: दिराने नेमकं काय केलं, कधी केलं, काहीच लिहिलेलं नाही, आरोप मोघम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये हेच म्हटलं, की घरातल्या सगळ्यांवर ठोस तपशिलाशिवाय केलेले आरोप खटला चालवायला पुरेसे नाहीत. या साच्याचा फटका नुसता दिराला बसत नाही. नवऱ्याने खरोखर सळईने चटके दिले असतील, तर तो एक खरा प्रसंगही त्या ठराविक वाक्यांच्या गर्दीत ठराविकच वाटायला लागतो.

दुसऱ्या बाजूचे आकडेही समोर ठेवू. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के, आणि त्यांनीही बहुतेक वेळा आईबापाकडेच. पोलीस ठाण्याची पायरी फारच थोड्या चढल्या. २०२३ पर्यंतच्या नोंदींत दर वर्षी देशात सहा हजारांवर हुंडाबळी आहेत. तेव्हा न केलेल्या तक्रारींचा ढीग आणि वाढवून केलेल्या तक्रारींचा ढीग एकाच समाजात शेजारी शेजारी आहेत.

बलात्काराच्या केसेसमध्ये गोष्ट आणखी वेगळी वळते. २०१४ साली ‘द हिंदू’ने दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांतले २०१३ चे निकाल एकेक करून वाचले. पूर्ण सुनावणी झालेल्या ४६० खटल्यांपैकी १८९, म्हणजे सुमारे ४० टक्के, संमतीच्या संबंधांचे होते, आणि त्यात बहुतेक ठिकाणी मुलगा-मुलगी पळून गेल्यावर मुलीच्या आईबापांनी केस केलेली होती. आणखी १०९ खटले लग्नाचं वचन मोडल्याचे. अनोळखी माणसाने केलेल्या हल्ल्याचे किती? बारा.

यात खोटं बोललं कोण? मुलगी कोर्टात सांगते, मी माझ्या मर्जीने गेले. खोटी फिर्याद बापाची असते, आणि ती खोटी का असते, तर मुलगी स्वतःचा नवरा निवडू शकते हेच घराला मान्य नसतं. त्यातून मुलगा दुसऱ्या जातीचा असेल तर विचारूच नका. हा आपल्या गावातही घडणारा प्रकार आहे, दिल्लीला जायला नको. म्हणजे खोट्या केसचं मूळ कायद्याने बायकांना डोक्यावर बसवल्यात आहे, असं जे सांगितलं जातं, त्याच्या नेमकं उलटं इथे दिसतं. पोरीवर घराची मालकी आहे या समजुतीतूनच खोटा बलात्कार नोंदवला जातो. आणि त्यात वीस वर्षांचा एक पोरगा कच्च्या कैदेत बसतो.

आता दोन खटले बघू. हे दोन शेजारी ठेवल्याशिवाय पूर्वग्रह म्हणजे काय, ते नीट कळत नाही.

पहिला आपलाच. २६ मार्च १९७२ ची रात्र, देसाईगंज पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. एक आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळा, भावाने केलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी ठाण्यात आणलेली. बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवलं. आरोप दोन पोलिसांवर, बलात्कार आणि विनयभंगाचा. सारा देश हा खटला तिच्या नावाने ओळखतो. मी नाव लिहीत नाही. सत्र न्यायालयाने शिपायांना सोडलं आणि मुलीला अट्टल खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवून शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण? अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केला नाही. ओरडली नाही, म्हणजे संमती होती.

दुसरा उत्तर प्रदेशातल्या ललितपूर जिल्ह्यातला. २००० साली एका तरुणाला बलात्काराच्या आरोपाखाली अटक झाली. फिर्याद तीन दिवसांनी दिलेली, दोन्ही घरांत जागेवरून आधीपासून वाद. २००३ मध्ये जन्मठेप. गरीब माणूस, तुरुंगातून पाठवलेलं अपील काही कागद अपुरे म्हणून वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. वीस वर्षं आत. आईबाप आणि भाऊ मधल्या काळात वारले. कोर्टाने धरलेल्या मुद्द्यांपैकी एक असा होता: पाडून मारहाण केली म्हणतात, पण अंगावर तशा जखमा नाहीत.

जखमा नाहीत, हा एकच मुद्दा. देसाईगंजात त्याने अन्याय केला, ललितपुरात न्याय. फरक कुठे पडला? ललितपूरच्या निकालात जखमांची तुलना फिर्यादीत सांगितलेल्या हकिकतीशी केली: तुम्ही म्हणता मारलं, मग खूण कुठे? ही पुराव्याची तपासणी झाली. देसाईगंजच्या निकालात जखमांची तुलना न्यायाधीशांच्या मनातल्या बाईशी केली: अब्रूदार मुलगी असती तर ओरडली असती, ओरबाडलं असतं. रात्री पोलीस ठाण्यात, दोन खाकी वर्दीतल्या पुरुषांसमोर, एक गरीब अल्पवयीन मुलगी कुणाला हाक मारणार होती, हा प्रश्न त्या निकालाला पडलाच नाही. पुरावा तपासणं म्हणजे बाईवर अविश्वास नव्हे, आणि बाईबद्दलची आपली कल्पना म्हणजे पुरावा नव्हे. एवढं एक सूत्र धरलं तरी अर्ध्या वाद घालणाऱ्यांची तोंडं बंद होतील.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने ते खरं धरून चालायचं, असं कलम आलं. देसाईगंजच्या मुलीला त्याचा काही उपयोग झाला नाही. कायदा मागच्या तारखेने लागत नाही.

पूर्वग्रह नुसते जुन्या निकालांत आहेत असंही नाही. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली, की त्याने फिर्यादी बाईच्या घरी जाऊन तिच्याकडून राखी बांधून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ती अट रद्द केली आणि अशा प्रकरणांत न्यायाधीशांनी काय बोलू नये, हे लिहून दिलं. आणि उलटा पूर्वग्रह कायद्यातच बसलाय: प्रौढ पुरुषावर बलात्कार होऊ शकतो, हे आपला कायदा मानतच नाही. जुन्या दंड संहितेच्या ३७७ कलमात (‘अनैसर्गिक’ संभोगाचा गुन्हा) निदान त्याला जागा होती; नव्या संहितेत ते कलमच नाही. पुरुष म्हणजे बळी असूच शकत नाही आणि बाई म्हणजे बळीच असते, या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

खोटी फिर्याद देणाऱ्याला शिक्षा आहे का? आहे, आणि कडक आहे. न्याय संहितेचं कलम २४८: नुकसान करण्याच्या हेतूने, खोटं माहीत असून गुन्ह्याचा आरोप केला, तर पाच वर्षांपर्यंत कैद, आणि आरोप फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा असेल तर दहा वर्षांपर्यंत. मग ती होताना का दिसत नाही? एक तर ‘सिद्ध झालं नाही’ एवढ्याने भागत नाही. देणाऱ्याला खोटं *माहीत होतं* हे सिद्ध करावं लागतं. दुसरं, मामला कोर्टापर्यंत गेला असेल तर ही कारवाई सुटलेला माणूस स्वतः सुरू करू शकत नाही. संबंधित कोर्टाने लेखी तक्रार करावी लागते. आणि वर्षानुवर्षं खेटे घालून दमलेला माणूस पुन्हा त्याच इमारतीच्या पायऱ्या चढायला तयार नसतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात ही सीमारेषा स्वच्छ लिहिली आहे: द्वेषाने केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाई करता येईल, पण नुसतं तक्रार शाबीत करता न येणं कारवाईला पुरेसं नाही.

निर्दोष माणसाचं गेलेलं आयुष्य भरून देणारा कायदा मात्र आपल्याकडे नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा मसुदाही दिला. कायदा झाला नाही. ललितपूरचा तो माणूस बाहेर आला तेव्हा त्याला हक्काने मागता येईल असं काही नव्हतं.

तुमच्या ओळखीत कुणावर वेळ आली, तर दोन गोष्टी उपयोगी पडतील. आरोपीच्या बाजूला असाल तर ३५(३) ची नोटीस टाळू नका. ठरल्या तारखेला हजर राहिलात तर अटक करायला पोलिसांना वेगळं कारण लिहावं लागतं. नोटीस चुकवणं हेच ते कारण होऊन बसतं. फिर्यादीच्या बाजूला असाल, तर पोलीस ठाण्यातून कुणी सहज म्हणेल, ‘ताई, तुमची केस बी केली, संपलं आता.’ संपलेलं नसतं. बी असो वा सी, समरी ही पोलिसांची विनंती असते. ती मान्य करण्याआधी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीला नोटीस काढून ऐकलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलंय. त्या तारखेला जाऊन लेखी हरकत घेता येते. मॅजिस्ट्रेट समरी मान्य करू शकतात, पुढचा तपास करायला सांगू शकतात, किंवा पोलिसांचं मत बाजूला ठेवून स्वतः गुन्ह्याची दखल घेऊ शकतात.